सायीचा पांढरा की राखेचा पांढरा?

(सामुदायिक रेडिओवर बचतगटाच्या महिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, कामं आवरली का? हातातलं काम चालू असलं तरी चालेल. भाकरी थापता थापता ऐका, शेंगा निवडता निवडता ऐका.

आज आम्ही तुम्हाला आमच्या गटाच्या खोलीच्या रंगाची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, रंगात काय सांगायचं? डबा आणायचा, गड्याला बोलवायचं, भिंतीला फासायचा. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण या रंगापायी आमच्या बारा जणींच्या गटात दोन तट पडले, चार आठवडे एकमेकींशी धड बोलणं नव्हतं, आणि शेवटी आमच्या हातून झालेली एक मोठी चूक आम्हाला कळली. ती चूकही सांगू. आधी रंगाचं बोलू.

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीनं आम्हाला एक जुनी खोली वापरायला दिली. पूर्वी तिथं धान्याची पोती ठेवत. पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. खाली शहाबादी फरशी. उत्तरेला एक खिडकी, खिडकीबाहेर मोठं लिंबाचं झाड. दार पूर्वेला. भिंतींना जुना निळा डिस्टेंपर, तोही पोपडे धरलेला. पश्चिमेच्या भिंतीला ओल. या खोलीत आमची महिन्याची बैठक होणार होती आणि पाच शिलाई मशीन बसणार होत्या. आम्ही शाळेच्या गणवेशाचं काम घेतो, ते काम तोवर कुणाच्या ओसरीत, कुणाच्या पडवीत चालायचं.

गटाच्या शिलकीतून रंगकामासाठी आठ हजार रुपये बाजूला काढले. आठ हजार रुपये म्हणजे बारा जणींनी महिन्याला शंभर-शंभर टाकून साठवलेले. त्यामुळं प्रत्येकीला वाटत होतं, रंग माझ्या मनासारखा झाला पाहिजे. यात चूक काहीच नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर आम्ही पाच जणी तालुक्याच्या गावी रंगाच्या दुकानात गेलो. एवढं मात्र घरूनच ठरवून गेलो होतो की रंग पांढऱ्याच्या जवळचा घ्यायचा. खोलीत उजेड कमी, शिवणाचं काम बारीक. गडद रंग उजेड पिऊन टाकतो, फिका रंग उजेड परत खोलीत फेकतो. ही गोष्ट आपल्या आयाबायांनाही ठाऊक होती. म्हणून तर चुलीच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीला दर वर्षी पांढऱ्या मातीचा नाहीतर चुन्याचा हात दिला जायचा.

दुकानदारानं समोर कार्डांचा पंखा ठेवला. पांढऱ्यातच चाळीस प्रकार! त्यातून खाली येत येत दोन राहिले. एक दुधावरच्या सायीसारखा. दुसरा चुलीतल्या पांढऱ्या राखेसारखा, शेणी पूर्ण जळल्यावर उरते ना, तशा राखेसारखा. कार्डावर त्यांची मोठी इंग्रजी नावं होती, ती आम्ही तिथंच सोडून आलो. आमच्यापुरती त्यांची नावं पडली ‘साय’ आणि ‘राख’.

आणि खरं सांगायचं तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते दोन्ही जवळजवळ एकच दिसत होते. तिघी म्हणाल्या साय, दोघी म्हणाल्या राख. गावात येऊन बैठकीत कार्ड फिरवलं तर सात विरुद्ध पाच झालं. वरच्या आळीच्या बहुतेक जणी साय म्हणत होत्या. ‘घर उबदार दिसतं, चुन्यात चिमूटभर पिवडी टाकल्यासारखं.’ खालच्या आळीच्या म्हणायच्या राख. ‘नव्या घरांना आता हाच रंग देतात, आणि मळका हात लागला तरी उठून दिसत नाही.’ बोलता बोलता शब्द वाढले. ‘तुम्हाला जुनंच धरून बसायचंय’, ‘तुम्हाला शहराची हौस आलीय’. मग कुणीतरी मागल्या वर्षीच्या कर्जाची गोष्ट काढली. रंग राहिला बाजूला.

त्या दिवशी आमच्या एका वहिनींनी शहाणपणाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, ‘अगं, आपण साडी घेताना काय करतो? दुकानात आवडली तरी दारात नेऊन बघतो ना? मग रंग तसाच का घ्यायचा?’

मैत्रिणींनो, साडीची ही गोष्ट फार खरी आहे. साडीला ब्लाउजपीस लावून बघताना दुकानात अगदी जुळतो, आणि घरी आल्यावर उन्हात बघावं तर एक हिरवट आणि एक निळसर. कापड तेच असतं, बदलतो तो उजेड. भिंतीच्या रंगाचंही तसंच. म्हणून आम्ही ठरवलं, मत कुणाचं खरं ते नंतर बघू, आधी दोन्ही रंग आपल्या खोलीत आपल्या उजेडात बघू.

आता आम्ही काय केलं ते नीट सांगतो. तुमच्या घराला, गटाच्या खोलीला, अंगणवाडीला रंग द्यायचा असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट झाक ओळखायची. एकदम शुद्ध पांढरा रंग फार कमी वेळा असतो. प्रत्येक पांढऱ्यात कसली तरी झाक असते. पिवळट, गुलाबी, हिरवट, निळसर किंवा करडी. दुकानातलं मशीन पांढऱ्या रंगात थेंब थेंब दुसरे रंग टाकतं, त्याचीच ही झाक. आपल्याला हे नवीन नाही. चुना पिवळा पडू नये म्हणून त्यात नीळ टाकत आलोच आहोत की आपण. पिवळेपणावर निळा टाकला की डोळ्याला पांढरं दिसतं. कपड्याच्या निळीचंही तेच काम. झाक एकट्या कार्डावर कळत नाही. म्हणून वहीचा कोरा पांढरा कागद घ्या आणि कार्ड त्याच्याशेजारी धरा. आजूबाजूचे बाकीचे रंग हातानं झाका. नवा तांदूळ आणि जुना तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत सारखेच दिसतात, एका सुपात शेजारी ओतले की फरक कळतो. तसंच हे. आमची साय कागदाशेजारी पिवळट दिसली आणि राख निळसर करडी.

दुसरी गोष्ट, मोठा नमुना करायचा. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा. त्यावरून भिंत ठरवू नका. चारी भिंतींना रंग लागला की एका भिंतीचा रंग दुसरीवर पडतो आणि झाक आणखी चढते. कार्डावर जेमतेम पिवळट वाटणारा रंग खोलीभर लागला की चांगलाच पिवळा दिसतो. आम्ही दोन्ही रंगांचं एक-एक लिटर आणलं. काही दुकानांत नमुन्याची छोटी डबीही मिळते, ती आधी विचारा. कारण मशीनवर कालवलेला रंग दुकानदार सहसा परत घेत नाही.

आमच्या भिंती निळ्या होत्या. निळ्यावर सायीचा पट्टा मारला असता तर तो होता त्याहून पिवळा दिसला असता. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. शिवाय पश्चिमेची भिंत ओली. म्हणून आम्ही भिंतीवर रंग लावलाच नाही. दोन-दोन फुटांचे हार्डबोर्डाचे चार तुकडे घेतले, त्यांना पांढरा प्रायमर लावला, आणि दोघांवर साय, दोघांवर राख, असे दोन-दोन हात दिले. कडेनं चार बोटं पांढरी जागा सोडली.

तिसरी गोष्ट, रंग वाळू द्यायचा. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. चुना ओला असताना भिंत अर्धवट दिसते आणि वाळल्यावर पांढरीशुभ्र होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. डब्यातला प्लॅस्टिक रंग उलट वाळल्यावर थोडा गडद होतो. म्हणून डब्यात बघून किंवा ओल्या हातावर भांडू नका. एक रात्र जाऊ द्या.

चौथी गोष्ट, तुकडे उभे ठेवायचे. टेबलावर आडवा ठेवलेला रंग आणि भिंतीला उभा टेकवलेला रंग वेगळा दिसतो, कारण उजेड वेगळ्या बाजूनं पडतो. आम्ही तुकडे एकदा खिडकीसमोरच्या भिंतीला, एकदा खिडकीशेजारी, एकदा मशीन बसणार त्या कोपऱ्यात उभे केले.

आणि पाचवी गोष्ट, दिवसातून चार वेळा बघायचं. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिवा लावून. ज्या वेळी ती खोली जास्त वापरणार, त्या वेळचं बघणं सगळ्यांत महत्त्वाचं.

आता काय दिसलं ते ऐका. दारात, उन्हात, राख स्वच्छ आणि सुंदर दिसली. साय पिवळी वाटली. राखवाल्या मैत्रिणी खूश. तेच तुकडे आत नेले तर सगळं उलटलं. आमची खिडकी उत्तरेची. उत्तरेच्या खिडकीतून बहुतेक वर्षभर ऊन थेट येत नाही, आभाळाचा उजेड येतो आणि तो निळसर असतो. त्यात बाहेर लिंब. पानांवरून येणारा उजेड थोडा हिरवट. त्यात खाली शहाबादी फरशी, तीही करडी. त्या उजेडात राख उदास दिसायला लागली, घरात आभाळ भरून आल्यासारखी. आणि साय? तिचा पिवळेपणा त्या निळसर उजेडानं खाल्ला. ती नुसती शांत पांढरी दिसली. चुन्यात नीळ टाकतात ना, तसंच झालं की नाही? फक्त इथं नीळ आभाळानं टाकली.

तुमची खिडकी पश्चिमेला असेल तर उलट होऊ शकेल. संध्याकाळचं ऊन तांबूस-पिवळं असतं. त्यात साय हळदीच्या दुधासारखी दिसेल आणि राख बरी वाटेल. बाहेर लाल मातीचं अंगण असेल तर त्याचाही तांबूसपणा आत येतो. म्हणून शेजारणीच्या घरी छान दिसला तोच रंग आपल्याकडं तसाच दिसेल, असं धरून चालू नका.

रात्री आणखी एक गंमत झाली. खोलीत जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब होता. त्याखाली साय फारच पिवळी दिसली. मग सायवाल्यांचे चेहरे उतरले. पण दुसऱ्या दिवशी आम्ही एकीच्या घरची पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब आणून लावली, तर साय पुन्हा छान. एलईडीच्या खोक्यावर आकडा असतो बघा. २७०० किंवा ३००० के असेल तर उजेड पिवळा, ६५०० के असेल तर पांढरा, थोडा निळसर. कधी कधी सीआरआय असंही लिहिलेलं असतं. तो आकडा शंभराच्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात. शिवणाचं काम असेल तर हा आकडा बघून ट्यूब घ्या. म्हणजे रंग आणि दिवा ही जोडी एकत्र ठरवायची. नुसता रंग ठरवून अर्धंच काम होतं.

इथपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं होतं. आता आमच्या चुकीची गोष्ट.

आमच्या गटात एक मावशी आहेत. वय पासष्टीच्या पुढं. त्या मशीन चालवत नाहीत, काज-बटणाचं हातकाम करतात. त्या तुकडे बघायला आल्या. आम्ही विचारलं, ‘मावशी, तुम्हाला कुठला बरा वाटतो?’ त्यांनी जवळ जाऊन बघितलं, लांब जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, ‘मला तर दोनी सारकंच दिसत्यात गं. उगाच भांडताय तुमी.’

आम्ही हसलो. कुणीतरी म्हणालं, ‘मावशी बरोबर बोलल्या, भांडण मिटवायला बघतात.’ पण आमच्यातली सगळ्यांत धाकटी सून हसली नाही. ती तुकडा घेऊन मावशींजवळ गेली. कोऱ्या कागदावर साय ठेवली आणि विचारलं, ‘मावशी, यात पांढरं कुठलं?’ मावशी बोटानं चाचपडल्या. त्यांना कागदाची कडाच नीट दिसली नाही. म्हणाल्या, ‘दोनी पांढरीच की.’

मग त्या पोरीनं आमच्याकडं बघितलं आणि म्हणाली, ‘शर्ट आठवतात का?’

आठवले. सगळ्यांना आठवले. मागल्या जूनमध्ये आम्ही एका शाळेचे साठ पांढरे शर्ट दिले होते. त्यातले बावीस परत आले. पांढऱ्या शर्टाला बटणं पिवळट दोऱ्यानं लावलेली. आमच्या डब्यात पांढरी आणि बदामी अशी दोन्ही रिळं होती, बदामी रीळ दुसऱ्या कामाची. आम्ही मावशींना बैठकीत सगळ्यांसमोर बोललो. ‘लक्ष कुठं असतं?’, ‘हलगर्जीपणा केला’, असं म्हणालो. आणि शर्टामागं पाच रुपये, असे ११० रुपये त्यांच्या मजुरीतून कापले. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. बावीस शर्टांची बटणं उसवून त्यांनी पुन्हा लावून दिली. त्यानंतर त्या बैठकीत कोपऱ्यात बसायला लागल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या असतील.

त्या कामचुकार नव्हत्या. त्यांना पांढरा आणि बदामी दोरा एकच दिसत होता.

त्या दिवशी खोलीत कुणी बोललं नाही. साय आणि राख भिंतीला टेकवलेले तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी मावशींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त पिकलेला. डॉक्टर बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत एक स्वच्छ भिंग असतं. वय वाढतं तसं ते गढूळ होतं, पिवळं-तपकिरी पडतं. त्या पिवळ्या भिंगातून निळा उजेड आत कमी जातो, म्हणून पांढरं पिवळट दिसतं आणि पांढऱ्यात आणि पिवळटात फरक उरत नाही. आणि हे इतकं हळू होतं की माणसाला स्वतःला कळतच नाही. मावशींनाही कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, उजेडच कमी असतो हल्ली. दोरा बदलला हे त्यांनी मुद्दाम लपवलंही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांनी तो पांढराच होता.

मैत्रिणींनो, रंगाबरोबर ही गोष्टही कानात ठेवा. घरातली सासू, आई, मावशी सुई ओवायला दुसऱ्याला सांगायला लागली, रात्री दिव्याभोवती वलय दिसतं म्हणाली, उन्हात डोळे दिपतात म्हणाली, चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला, तांदळातला पांढरा खडा तिला दिसेना, किंवा तिनं निवडलेल्या रंगाला आपण हसायला लागलो, तर आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू थेंबांनी किंवा पाल्यानं जात नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. गावच्या आशाताईंना विचारा, त्या तपासणीचा दिवस सांगतील. मधुमेह, रक्तदाब असेल तर तो आधी डॉक्टरांना सांगायचा. आणि ‘आता माझं वय झालं, मला काय करायचंय बघून’ असं घरातलं माणूस म्हणालं तर ते ऐकून घ्यायचं नाही.

आता परत भिंतीकडं येऊ. इकडं खोलीचं काम थांबलेलंच होतं, कारण ओल. ओलीवर रंग मारू नका, तो टिकत नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. आमच्याकडं पत्र्याची पन्हळ फुटली होती आणि पाणी भिंतीवर उतरत होतं. पन्हळ बदलली. फुगलेला गिलावा पाडला, नवीन केला, त्याला आठवडाभर पाणी मारलं. नवा गिलावा चांगला वाळायला साधारण चार आठवडे लागतात. तेवढा दम धरावा लागतो. नाहीतर आतलं पाणी बाहेर येताना रंगाचे पोपडे सुटतात आणि लोणा फुटतो. जुना रंग खरवडताना तोंडाला ओला रुमाल बांधा आणि पोरांना जवळ फिरकू देऊ नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. आपल्याकडं २०१६ साली नियम झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. म्हणून नवा डबा घेताना त्यावर शिसं नसल्याची किंवा या मर्यादेची नोंद आहे का, ते वाचून घ्या.

त्या चार आठवड्यांत मावशींच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पाळीपाळीनं एकेकीनं त्यांच्या घरी जाऊन थेंब घातले. वरच्या आळीच्याही गेल्या, खालच्या आळीच्याही. साय-राख भांडण तिथंच निम्मं विरलं. मावशींच्या चुलीपाशी भेट झाल्यावर अबोला कसा टिकणार?

डॉक्टरांनी बाहेर फिरायला परवानगी दिल्यावर मावशी काळा चष्मा लावून खोलीत आल्या. चष्मा काढला. तुकडे बघितले. मग एक डोळा हातानं झाकला, बघितलं. दुसरा झाकला, बघितलं. असं चार-पाच वेळा केलं आणि लहान पोरीसारख्या हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘अगं, ह्या डोळ्यानं ह्यो कागूद पांढराफेक हाय, निळीत बुडवल्यावानी. आन ह्या डोळ्यानं त्योच कागूद च्यात बुडवल्यावानी!’ एकाच बाईला दोन डोळ्यांनी दोन रंग दिसत होते. आणि आम्ही बारा जणी, चोवीस डोळ्यांच्या, एकमेकींना खोटं ठरवत होतो.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली. मशीनच्या कोपऱ्यात राखेचा तुकडा होता. मावशी म्हणाल्या, ‘ह्याच्यात हिरवं हाय बघा जरासं, शेवाळावानी.’ आम्ही बघितलं. खरंच होतं. लिंबाची सावली त्या कोपऱ्यात पडत होती. आम्ही रोज बघून बघून बघायचं विसरलो होतो.

शेवटी बैठक घेतली. हात वर करून मतदान केलं नाही. प्रत्येकीनं दोन गोष्टी सांगायच्या असं ठरवलं. मला काय दिसतं आणि मला कशाची काळजी वाटते. तेव्हा कळलं की राखवाल्या मैत्रिणींची खरी काळजी रंगाची नव्हतीच. त्यांना मळाची काळजी होती. पोरं घेऊन बायका येणार, चिखलाचे पाय, तेलाचे हात. दर वर्षी रंगाला पैसे कुठून आणायचे? ही काळजी रास्त होती, आणि तिच्यावर उपाय वेगळाच निघाला. भिंतीला खालून तीन फूट मातकट रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा द्यायचा. ओल्या फडक्यानं पुसता येतो. त्याच्या वर साय. छताला साधा पांढरा. दिवा पांढऱ्या उजेडाचा. आणि आणलेल्या राखेच्या डब्याचं काय? त्यातला उरलेला रंग भिंतीतल्या दोन कपाटांच्या आतून आणि कोनाड्यांना दिला. पूर्वेच्या दारासमोरच्या कोनाड्यात सकाळचं ऊन येतं, तिथं तो फार छान दिसतो. खालच्या आळीच्या मैत्रिणी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कोनाडा आधी दाखवतात!

रंग किती लागेल याचा हिशेब आम्ही असा केला. चारी भिंतींची लांबी १५, १२, १५, १२ मिळून ५४ फूट. उंची १० फूट. म्हणजे ५४० चौरस फूट. दार-खिडकीचे ४० वजा केले, राहिले ५००. त्यातून तीन फुटांच्या पट्ट्याचे साधारण १५० गेले, राहिले ३५०. आता डब्यावर एका लिटरमध्ये दोन हात किती चौरस फूट होतात ते लिहिलेलं असतं. समजा ५० लिहिलंय, तर ३५० भागिले ५०, म्हणजे सात लिटर. थोडा जास्त धरा आणि सगळा एकदमच आणा. दोन वेळा कालवलेल्या रंगात केसभर फरक पडू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध दिसतो. दोन डबे असतील तर एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. रंगाचा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा, आणि वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत राखून ठेवा, पुढं डाग बुजवायला.

गुढीपाडव्याच्या आधी खोली तयार झाली. पाडव्याला दारात गुढी उभी केली आणि मशीन आत नेल्या. पैसे आठ हजारांच्या आतच बसले, कारण घासकाम, प्रायमर आणि पट्टा आम्ही स्वतः केला. वरचे दोन हात मात्र कारागिराकडून घेतले.

त्या दिवशीच्या बैठकीत आम्ही आणखी एक काम केलं. कापलेले ११० रुपये मावशींना परत दिले. नुसते हातात दिले नाहीत, इतिवृत्तात लिहिलं. ‘मागील जून महिन्यात मजुरीतून केलेली कपात चुकीची होती. चूक गटाची होती.’ खाली बारा जणींनी सह्या केल्या. मावशींनी अंगठा दिला. त्यांना बैठकीत सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही बैठकीतच मागितली. त्या म्हणाल्या, ‘असू द्या गं, मला तरी कुठं म्हाईत हुतं.’ पण पैसे मोजून घेतले आणि पदराच्या गाठीला बांधले.

आता त्यांच्या डाव्या डोळ्याची तारीख पावसाळ्यानंतर लागणार आहे. तोवर दोरा जुळवायचा असला की आम्ही सगळ्याच जणी, तरण्या असो की म्हाताऱ्या, रीळ घेऊन दारात उजेडात जातो. तसा नियमच केलाय. आणि दोन्ही रिळांच्या बुडाला चिठ्ठी चिकटवली आहे. मावशींना वाचता येत नाही, म्हणून पांढऱ्याला एक गाठ मारलेला दोरा आणि बदामीला दोन गाठींचा. हातानं चाचपून कळतं.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडं रंगाचं काम निघालं तर मोठा नमुना करा, वाळू द्या, उभा ठेवा, चार वेळा बघा, दिवा बरोबर ठरवा. आणि एखादी म्हणाली, ‘मला तर दोन्ही सारखेच दिसतात’, तर तिला हसू नका. तिला उजेडात घेऊन जा आणि पुन्हा विचारा, काय दिसतंय?

आमच्या गावाकडं आलात तर खोली बघायला नक्की या. दुपारी तीनच्या सुमाराला या, तेव्हा ती सगळ्यांत छान दिसते. चहा मावशींच्या हातचा मिळेल.

नमस्कार, राम राम.